जिताड्याच्या वाटेने : खाडीच्या पाण्याची मानके समजून घेताना

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला की किनाऱ्याच्या रेषेआधी नजरेत भरतात त्या खाड्या. उत्तरेला पनवेलची आणि करंजाची, मग अंबा आणि पाताळगंगेचे पाणी पोटात घेणारी धरमतरची, रेवदंड्याजवळ समुद्राला मिळणारी कुंडलिकेची, जंजिऱ्यामागची राजपुरीची आणि दक्षिणेच्या हद्दीवर सावित्रीची बाणकोट खाडी. या खाड्यांतून दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. ते पाणी चांगले की वाईट हे कसे ठरवायचे, कोणासाठी ठरवायचे, आणि आज ज्या मोजपट्टीने ते ठरवले जाते ती पुरेशी आहे का, हा या लेखनाचा विषय आहे.

पाण्याच्या मानकांचे नाव काढले की राजपत्रातली कोष्टके आठवतात: प्रतिलिटर इतके मिलिग्रॅम, इतके अंश, इतके टक्के. अशा विषयाकडे कोणी आपणहून वळत नाही आणि त्यात वाचकाचा काही दोष नाही. ही कोष्टके अधिकाऱ्यांसाठी, कारखान्यांसाठी आणि न्यायालयांसाठी लिहिलेली असतात. पण पेणच्या बाजारात निवट्या येणार की नाही, ओहोटीला खडकांवरून फोडून आणलेली कालवे घरात मुलांना द्यावीत की नाही, पाग टाकणाऱ्याच्या जाळ्यात बोय आणि कोलंबी किती लागणार, हे सारे त्या कोष्टकांतल्या दोन-चार आकड्यांवर अवलंबून असते. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. आकडे मोजकेच येतील, आणि प्रत्येक आकड्याच्या मागे पाण्यात राहणारा कोणीतरी असेल.

नव्याने या विषयात शिरणाऱ्याला मी एक वाट सुचवतो. जिताड्याच्या मागे जा.

अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात जिताडा माहीत नसलेले घर सापडायचे नाही. खाडीत मिळालेली त्याची पिल्ले आणून गावातल्या तळ्यात सोडायची आणि तो पोसला गेला की पाहुण्यारावळ्यांसाठी काढायचा, ही इथली जुनी रीत. शास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव लेट्स कॅल्कॅरिफर. हा मासा गोड्या पाण्यात वाढतो, निमखाऱ्यातही वाढतो, पण अंडी घालायला त्याला नदीमुखाजवळचे खारे पाणी लागते. पावसाळ्याच्या सुमारास तिथे त्याची वीण होते. इवलीशी पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, खाजणात आणि कांदळवनाच्या मुळांशी आसरा घेतात, आणि त्यांतली काही पुढे वर, नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत चढतात. आणखी एक नवल असे, की जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे वर्षानुवर्षे तग धरून मोठे होणारे मासेच उरले नाहीत तर माद्याच उरत नाहीत. थोडक्यात, या एका माशाला नदी हवी, खाडी हवी आणि समुद्रही हवा, आणि तिन्ही ठिकाणचे पाणी त्याला सलग अनेक वर्षे मानवले पाहिजे.

आता कायद्याच्या बाजूने पाहू. जिताडा नदीत असतो तेव्हा त्याला एक कोष्टक लागू होते, खाडीत उतरला की दुसरे, आणि जवळच्या नळातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याला तिसरेच. ही तिन्ही कोष्टके वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हेतूंनी तयार झाली. माशाच्या सगळ्या आयुष्याकडे पाहून त्यांचा मेळ घातला गेलेला नाही. पुढे जे काही मांडले आहे त्याचा गाभा हा एवढाच आहे.

ही कोष्टके आली कुठून, हे जाणून घेतल्याशिवाय त्यांच्यावर टीका करणे योग्य होणार नाही. ब्रिटनमध्ये १८९८ साली सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या अहवालाने सुचवलेले दोन आकडे जगभर पसरले: सांडपाण्यात तरंगते कण लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत आणि जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, २० पेक्षा जास्त नसावी. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू खर्च करतात त्याचे माप. हे आकडे सुचवताना आयोगाने एक गोष्ट गृहीत धरली होती: सांडपाणी ज्या नदीत पडेल तिथे त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असेल. आकडे देशोदेशी गेले, हे गृहीत मात्र बहुतेक वेळा मागेच राहिले. वाचकांनी ते लक्षात ठेवावे, कारण कुंडलिकेच्या काठी पोचल्यावर ते पुन्हा लागणार आहे.

आपल्याकडे नुसती नक्कल झाली असे मात्र नाही. बीओडीची मूळ चाचणी थंड देशातली, पाच दिवसांची. आपल्या हवामानाला साजेशी म्हणून भारतात ती २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची केली गेली. बदल छोटा दिसतो, पण मोजपट्टी आपल्या पाण्याला लावून बघायची आणि गरज पडली तर बदलायची, ही रीत आपल्या परंपरेत आहे याचा तो पुरावा आहे. महाराष्ट्राने तर केंद्राच्याही आधी पाऊल उचलले. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना सप्टेंबर १९७० ची. केंद्राचा जल कायदा आला १९७४ मध्ये. मराठी माणसाने या विषयाकडे परक्याचा विषय म्हणून पाहण्याचे कारण नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुढे नद्यांच्या पाण्याचे पाच वर्ग पाडले, आणि ते पाण्याच्या उपयोगावरून पाडले. जंतुनाशन केले की पिण्यासारखे ते ‘ए’, आंघोळीसारखे ते ‘बी’, रीतसर प्रक्रिया करून पिण्याजोगे ते ‘सी’, मासे आणि वन्यजीवांसाठीचे ‘डी’, शेती-उद्योगासाठीचे ‘ई’. माशांचा क्रमांक चौथा. या ‘डी’ वर्गात तीनच अटी आहेत: सामू, म्हणजे पीएच, ६.५ ते ८.५ असावा, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा.

या तिसऱ्या अटीपाशी जरा थांबू. सांडपाण्यातून, मैल्यातून आणि खतांतून अमोनिया पाण्यात येतो तेव्हा त्याचे दोन भाग होतात. एक भाग विद्युतभारित आणि तुलनेने निरुपद्रवी, दुसरा भाग मुक्त. हा मुक्त भाग माशाच्या कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो. दोन भागांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर ठरते. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही मुक्त नसतो, पण सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो. पाणी तापले की आणखी वाढतो. म्हणजे तेवढ्याच सांडपाण्यात जानेवारीत जे मासे जगतात ते मे महिन्याच्या दुपारी मरू शकतात. युरोपीय समुदायाने १९७८ साली गोड्या पाण्यातल्या माशांसाठी जो निर्देश काढला त्यात मुक्त अमोनियाची बंधनकारक मर्यादा होती ०.०२५ मिलिग्रॅम. आपल्याकडची १.२ ही त्याच्या जवळजवळ पन्नास पट. जिताडा, बोय किंवा कोलंबीचे पिल्लू युरोपातल्या माशापेक्षा पन्नास पटींनी काटक असते असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. माझ्या मते आपल्या मानकांत आधी हात घालायचा असेल तर तो या एका आकड्याला.

खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यासाठीचे कोष्टक १९९८ साली पर्यावरण संरक्षण नियमांत आले. त्यातही पाच वर्ग आहेत. पहिला वर्ग मिठागरे, शिंपल्यांची मासेमारी, सागरी मत्स्यशेती आणि पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील भागांचा. दुसरा आंघोळ, जलक्रीडा आणि व्यापारी मासेमारीचा. तिसरा कारखान्यांना थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, चौथा बंदरांचा, पाचवा जलवाहतुकीचा आणि नियंत्रित रीतीने सांडपाणी सोडण्याचा. पहिल्या वर्गात प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या ६० टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. दुसऱ्यात ४ किंवा ५० टक्के. त्याखालच्या तिन्ही वर्गांत ३ किंवा ४० टक्के. तीस अंशांच्या आसपासच्या समुद्राच्या पाण्यात मुळात सव्वासहा मिलिग्रॅमच्या जवळपासच प्राणवायू मावतो. तेव्हा पहिल्या वर्गाची ५ ची अट चांगली कडक आहे, आणि ती लिहिणाऱ्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

अडचण पुढे आहे. त्याच पहिल्या वर्गात पारा, शिसे आणि कॅडमियम यांची मर्यादा प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती ठरवण्याचे निकष कोष्टकातच दिले आहेत: मीठ, मासे आणि शिंपल्यांत त्या धातूचे प्रमाण किती, माणूस रोज सरासरी किती खातो आणि किती पोटात गेले की रोगाची लक्षणे दिसतात. माणसाच्या जिवाची ही काळजी रास्तच आहे. पण कालवाचे स्वतःचे काय, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. शिवाय सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत पाऱ्याची मर्यादा पाहिली तर तीही ०.०१ च आहे. कारखान्याच्या नळातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला आणि कालवे वाढणाऱ्या पाण्याला एकच आकडा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खाऱ्या पाण्यातल्या जिवांच्या दीर्घकालीन रक्षणासाठी पाऱ्याचा जो निकष दिला आहे तो याच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडा कमी आहे.

आणि पाण्यातला आकडा कितीही खाली आणला तरी पाऱ्याची गोष्ट तेवढ्याने पुरी होत नाही. जपानमधल्या मिनामाता गावातला रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदवला गेला तेव्हापासून जगाला हे ठाऊक आहे. पारा चिखलात बसतो, तिथे जिवाणू त्याला विषारी सेंद्रिय रूप देतात, आणि मग तो एका जिवातून दुसऱ्यात जाताना वाढत जातो. पाण्याच्या बाटलीत तो सापडेल न सापडेल. चिखलात, शिंपल्यात आणि मोठ्या माशात सापडतो. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले, बीज धरेना. कारण निघाले होड्यांच्या बुडाला लावायच्या रंगातले ट्रायब्युटिल टिन, तेही पाण्यात इतके कमी की त्या वेळच्या उपकरणांना पकडणे कठीण. फ्रान्सने १९८२ साली लहान होड्यांवर त्याला बंदी घातली, आणि पुढे २००१ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. कालवांच्या अंगावरून विषाचा माग लागला आणि मानक त्यानंतर आले. न्हावा-शेवासारखे मोठे बंदर ज्या खाड्यांच्या तोंडाशी आहे तिथल्या वाचकाला ही गोष्ट दूरची वाटायला नको. रायगडच्या खडकांवर कालवे आहेत. दरवर्षी ठरलेल्या जागांवरून ती उचलून तपासली, तर पाण्याच्या शेकडो बाटल्यांनी कळणार नाही ते कळेल.

आता पाण्याच्या हालचालीकडे वळू. रायगडचा खरा वेगळेपणा तिथे आहे, आणि वाचकांनी हा भाग सावकाश वाचावा.

कोकणातल्या नद्या पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात कोरड्या असतात, असे आपण शाळेत शिकतो. पाताळगंगा आणि कुंडलिका याला अपवाद आहेत. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिऱ्याचे १९२७ साली. घाटमाथ्यावर अडवलेले, एरवी पूर्वेला भीमेकडे गेले असते असे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात उतरते, वीज तयार करते आणि अवजल म्हणून या नद्यांत येते. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीचे खोरे बुडाले आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने तिथे सत्याग्रह झाला, हा इतिहास मराठी वाचकाला सांगायला नको. पाताळगंगेच्या काठी रसायनी आणि कुंडलिकेच्या काठी रोहा-धाटाव या वसाहती उभ्या राहिल्या त्यामागे हे बारमाही पाणी आहे. कोलाडला सकाळी तराफ्यांतून जाणारे पर्यटकही याच अवजलावर तरंगतात. वीजकेंद्र चालू की नदी भरलेली, बंद की उतरलेली.

ब्रिटिश आयोगाच्या आठपट पाण्याच्या गृहीताची आठवण इथे करायची. कुंडलिकेत मिसळायला किती पाणी आहे, हे पावसावर ठरत नाही. वीजकेंद्राच्या वेळापत्रकावर ठरते. तेव्हा सांडपाण्याचे मानक वर्षभर एकच ठेवायचे की नदीतल्या पाण्याशी जोडायचे? उद्या घाटमाथ्याचे पाणी पूर्वेकडे वळवायची मागणी मान्य झाली तर खालच्या खाडीचे काय, हा हिशेब आजच मांडून ठेवायला नको का? सावित्रीला तर असा आधारही नाही. कोयनेचे अवजल मिळते ते शेजारच्या वाशिष्ठीला. महाडच्या खाली उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा तोच आकडा पाळूनही खाडीवरचा भार वेगळाच असतो. एकाच जिल्ह्यातल्या तीन नद्यांची ही तऱ्हा आहे, म्हणून देशभराच्या एका आकड्याने सर्वांना न्याय मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाडीत आणखी एक गुंता असतो. औद्योगिक वसाहतींचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नळाने खाली, खाऱ्या पट्ट्यात नेऊन सोडण्याची पद्धत आहे. वरच्या गोड्या पाण्यावर नळयोजना असतात, ते पिण्याचे पाणी वाचवायचे, ही त्यामागची कल्पना समजण्यासारखी आहे. पण खारा पट्टा म्हणजे नेमके ते ठिकाण जिथे कोलंबीची, बोयची, जिताड्याची पिल्ले वाढतात. आणि खाडीत सोडलेले पाणी नदीसारखे एकदा वाहून जात नाही. ओहोटीबरोबर ते खाली जाते आणि भरतीबरोबर त्यातले बरेचसे परत येते. मोठ्या उधाणाला अलिबागच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, खाडी चांगली धुतली जाते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत मात्र पाणी जेमतेम हलते आणि घाण तिथेच घोटाळते. कोळी बांधव उधाण आणि भांग पाहून डोल लावतात. पाण्याचा नमुना घेणाऱ्यानेही तिथी पाहायला हवी. भरतीच्या माथ्यावर घेतलेला नमुना समुद्राची खबर देतो, ओहोटीच्या तळाशी घेतलेला खाडीची. नोंदीत भरतीची वेळ नसेल तर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

दिवसाच्या वेळेचेही तसेच आहे. उजेडात पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री सारे जीव तो वापरतात, त्यामुळे प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. मासे मरतात ते बहुधा त्या वेळी, आणि नमुने घेतले जातात ते बहुधा कचेरीच्या वेळेत. दुपारी बाराला ५ मिलिग्रॅम दाखवणारी खाडी पहाटे पाचला २ वर असू शकते, आणि मासा सरासरीवर जगत नाही.

हे सारे सतत मोजत राहणे आपल्याला जमेल का, असे कोणी विचारले तर त्याला अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवावी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली अलिबागेत आणली गेली, आणि तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे पिढ्यान्‌पिढ्या घेतल्या जात आहेत. जगातल्या शास्त्रज्ञांना त्या लागतात. ज्या गावाने ही चिकाटी दाखवली त्याच्या दाराशी असलेल्या खाडीसाठी ती दाखवता येणार नाही असे मानायला मी तयार नाही.

मानके सुधारायची म्हणजे सगळीकडे आकडे आवळायचे, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. धरमतरच्या खाडीचे पाणी मुळातच गढूळ. भरतीचा जोर तळाचा गाळ रोज घुसळतो. इथल्या निवट्या, चिंबोऱ्या आणि कांदळवन त्या गाळावरच जगतात. स्वच्छ निळ्या समुद्रासाठी ठरवलेली गढूळपणाची मर्यादा इथे लावली तर निर्दोष खाडीही दोषी ठरेल. तसेच पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या शेवटी तळाकडून कमी प्राणवायूचे पाणी नैसर्गिकपणे वर सरकते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हे नीट दाखवले आहे. अशा पाण्यात माणसाने घातलेली थोडी भरही भारी पडते. म्हणून प्रत्येक खाडीची आपली मूळ स्थिती, ऋतूप्रमाणे, आधी नोंदली पाहिजे, आणि आकडा तिच्या संदर्भात ठरला पाहिजे.

काही गोष्टी तर कोष्टकात नाहीतच. किनारी पाण्याच्या पाचही वर्गांत नत्र आणि स्फुरद यांना मर्यादा नाही, आणि शैवालाचा अतिरेक होतो तो त्यांच्यामुळेच. मैलापाणी प्रक्रिया केंद्रांसाठी २०१५ साली निघालेल्या मसुद्यात बीओडी १० आणि एकूण नत्र १० अशी चांगली मर्यादा होती. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत बीओडी महानगरांसाठी २० आणि इतरांसाठी ३० झाली, आणि नत्राची अट गळाली. पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंत वाढत्या गावांचे मैलापाणी शेवटी खाडीतच उतरते. महानगर आणि नगरपालिका हा फरक माणसाच्या खर्चाच्या सोयीचा आहे, खाडीला तो लागू होत नाही.

उलट एक अट आपल्याकडे आधीपासून आहे आणि ती फार मोलाची आहे. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे, काहीही न मिसळता शंभर टक्के सांडपाण्यात मासे ठेवले तर ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत. इथे रसायनांची यादी संपते आणि थेट माशालाच विचारले जाते. यादीत नसलेले विषही त्यात पकडले जाते. फक्त प्रयोगशाळेत यासाठी सहसा गोड्या पाण्यातला, काटक, छोटा मासा वापरतात. खाडीत पडणाऱ्या पाण्यासाठी खाडीतलाच जीव, आणि तोही पिल्लाच्या अवस्थेतला, घेतला तर हीच जुनी अट पुष्कळ काम करील.

खर्चाचा प्रश्न टाळून चालणार नाही. सामायिक प्रक्रिया केंद्रावर अवलंबून असलेल्या लहान कारखान्याला प्रत्येक नव्या आकड्याची किंमत मोजावी लागते आणि तिथे रोजगार रायगडच्याच मुलांना मिळतो. पण न सुधारण्याचीही किंमत असते आणि ती कधीकधी एकदम समोर येते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. ते उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आले तेव्हा नुकसान झाले मासेमारीचे आणि कांदळवनाचे. वेगळ्याच एका प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर १६३० कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. तिथे वाद मुख्यतः भराव, कांदळवन आणि भरतीचे अडलेले पाणी यांचा होता. वाचकांनी तो आदेश जरूर पाहावा. खाडीतले पाणी वाहते राहणे हीसुद्धा त्याची गुणवत्ताच आहे, आणि तिला अजून कुठल्याही कोष्टकात रकाना नाही.

ज्यांना पुढे वाचायचे आहे त्यांनी सुरुवात जाड ग्रंथांनी करू नये. आधी १९९८ चे किनारी पाण्याचे कोष्टक घ्यावे. ते दोन-तीन पानांत मावते. त्याच्या शेजारी सांडपाण्याची सर्वसाधारण मानके ठेवावीत आणि एकाच पदार्थाचा आकडा दोन्हीकडे काय आहे ते पाहावे. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची मासिक मोजमापे पाहावीत, ती सर्वांसाठी खुली आहेत. आपल्या गावाजवळचे ठिकाण निवडा आणि मार्च ते मे या महिन्यांचे आकडे आधी वाचा. पावसाळ्यातले आकडे नेहमीच बरे दिसतात. केंद्रीय मंडळाने २०१८ साली महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यात रायगडच्या नद्याही आहेत. पण ती यादी बीओडीवरून केलेली आहे, अमोनियावरून किंवा धातूंवरून नाही, हे ध्यानात घेऊन वाचावी. पुस्तके बाजूला ठेवून एखाद्या ओहोटीला खाडीवरही जावे. कालवे काढणाऱ्या बायका आणि पाग टाकणारे आजोबा पूर्वी कुठे काय मिळायचे ते सांगतील. ते तारीख-वारासह उतरवून घ्या. मूळ स्थितीचा दुसरा लेखी पुरावा बऱ्याच खाड्यांसाठी उपलब्ध नाही.

या अभ्यासाचा प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो, तेही सांगतो. पर्यावरण संरक्षण नियमांखाली मानक बदलायचे असेल तर आधी मसुदा राजपत्रात येतो आणि सूचना-हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत असते. त्या साठ दिवसांत उद्योगांच्या संघटना तयारीनिशी उत्तर देतात. खाडीच्या बाजूने पत्र गेलेच तर त्यात बहुधा संताप असतो, मोजमाप नसते. ठिकाण, तारीख, तिथी, भरतीची वेळ, पहाटेचा प्राणवायू, सामू, तापमान आणि अमोनिया, एवढ्या रकान्यांची दोन-तीन वर्षांची वही रोह्याच्या, महाडच्या किंवा पेणच्या एखाद्या महाविद्यालयाने ठेवली, तर पुढचा मसुदा येईल तेव्हा पाठवायला त्याच्या हाती काहीतरी असेल. उपकरणे आता पूर्वीसारखी महाग राहिलेली नाहीत. नोंदी मराठीत ठेवल्या तरी चालतात, आकडे सगळीकडे सारखेच वाचले जातात.